मारुतीच्या छातीला पाणी

नाशिकला पुराचं पाणी कोणी फुटांत मोजत नाही. नदीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, ते बघायचं. शहराच्या खालच्या बाजूला, गोदाकाठी आमचा झेंडूचा मळा होता आणि वडिलांचा आडाखा ठरलेला होता. मारुतीच्या कमरेला पाणी असेल तर काठावरची मोटर काढायला वेळ आहे. छातीला लागलं की मोटर सोडून द्यायची, माणसं आणि बैल वर न्यायचे.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. वडिलांनी मला सायकलवर बघायला पिटाळलं. मी द्वारका चौकापर्यंतच गेले. पुढे चिखल, गर्दी, आणि मी जन्माची आळशी. घाटाकडून येणाऱ्या एका बाईंना विचारलं. "सकाळी कमरेला होतं," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी ठोकून दिलं, "बघून आले. कमरेला आहे."

वडील मोटर काढायला उतरले. संध्याकाळी ते खालच्या अंगाला बाभळीला मिठी मारलेले सापडले. जीव वाचला. पण त्यानंतर आभाळ भरून आलं की ते नदीकडे पाठ करून बसत. लागवड कधी, तोडा कधी, काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "तुझ्या आईला इचार. माझा अंदाज चुकतो." दहा वर्षं मी हे ऐकलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. भित्री होते, दुसरं काय!

मग पुन्हा तसंच आभाळ आलं. धरणातून पाणी सोडल्याचं सांगत भोंग्याची गाडी फिरून गेली. नदीचा आवाज स्वयंपाकघरात यायला लागला. आई म्हणाली, "जा गं, मारुती बघून ये."

मी वडिलांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"धा वर्सं मी सोताला येडा समजत व्हतो," एवढंच म्हणाले आणि चपला घातल्या.

स्कूटरवर ते माझ्यामागे बसले. समोरून लोक घाईने परतत होते. मारुती छातीपर्यंत बुडाला होता आणि पाणी चढतच होतं. वडिलांनी नजर हलवली नाही.

"मोटर जाऊ दे," ते म्हणाले. "घरी जाऊन आधी बैल सोडायचे. चल."

दहा वर्षांत त्यांनी काही ठरवलं, ते हे पहिलंच.