इंग्रजी कादंबरीशी आत्याचं भांडण

सांगलीच्या कॉलेजात आमच्या वर्गात आम्ही चौघीच मुली होतो. त्या साली आम्हाला अठराव्या शतकातली एक इंग्रजी कादंबरी अभ्यासाला होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती मी उंब्रजला घरी नेली आणि तीन दिवसांत फडशा पाडला. एका जमीनदाराची मुलगी. तिला नाच, भरतकाम आणि पाहुण्यांपुढे गोड बोलणं एवढंच शिकवलेलं. पण भावाला शिकवायला मास्तर आले की ही दाराआड उभी राहून लॅटिन शिकते! कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

घरी पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडणं चाललं होतं. आई, चुलती आणि गावातच दिलेली माझी थोरली आत्या सोप्यात बसल्या होत्या. मीही सूप पुढे ओढून बसले आणि गोष्ट सुरू केली.

"लॅटिन म्हंजी काय गं?" चुलतीनं विचारलं.

"त्यांचं संस्कृत."

"आगं बया! आनि पोरगी शिकली?"

शिकली. मग बापाला कळलं, त्यानं पुस्तकं कुलपात टाकली आणि तिचं लग्न लावून दिलं. शेवटी लेखक म्हणतो, संसारात रमून ती सारी विद्या विसरली आणि सुखी झाली.

आत्याचा हात थांबला. "इसरली? शिकल्यालं कुनी इसरतं व्हय?"

"आत्या, पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मग लिवनाऱ्याला कळलं न्हाई. मी दुसरीपतुर साळंत गेले. पाच बाळतपनं झाली, नातवंडं झाली. ऐक." आणि तिनं दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, कुठंही न अडखळता म्हणून दाखवला. आई बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं तो कधी ऐकला नव्हता.

"मग कधी बोलला नाहीत, वन्सं?" आईनं विचारलं.

"कुनाम्होरं बोलू? इसरल्यावानी दावायचं. ती पोरगी बी तेच करती बघ."

मी उठले, हात न धुताच पुस्तक आणलं आणि शेवटचं प्रकरण उघडलं. तिथं तिचा नवरा पाहुण्यांपुढे ऐटीत एक लॅटिन ओळ म्हणतो आणि चुकीची म्हणतो. बायको किंचित हसते आणि भरतकामावर मान झुकवते. ते हसू मी लाजेचं समजले होते. पण चूक कळल्याशिवाय ती हसेल कशाला? "आत्या, ती विसरली नाही!" मी ओरडलेच. "मी काय सांगतीया मगापास्नं?" आत्या म्हणाली आणि शेंगा फोडू लागली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. सर त्या शेवटाला 'शहाणपणाचा' म्हणाले, तशी मी उभी राहिले. मी हसण्याचं ते वाक्य वाचून दाखवलं आणि माझं म्हणणं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "हे कोणत्या टीकाकाराचं मत?"

"माझ्या आत्याचं, सर."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पान उघडून तो परिच्छेद दोनदा वाचला. "हे माझ्या नजरेतून सुटलं होतं," ते म्हणाले. "वाङ्मय मंडळात निबंध वाचा. आत्याबाईंनाही बोलवा."

पुढचे पंधरा दिवस मी ग्रंथालयात मुक्काम ठोकला. त्या शतकातल्या हाती लागतील तेवढ्या कादंबऱ्या चाळल्या. शिकलेल्या बाईची कुठं टिंगल, कुठं तिला अद्दल. पण बायकांनी लिहिलेल्या दोन कादंबऱ्यांत नायिका उघड वाचत होत्या, वाद घालत होत्या! दर पानाला वाटायचं, आत्ता धावत उंब्रजला जावं.

निबंधाच्या दिवशी वडील आत्याला सर्व्हिस मोटारीनं घेऊन आले. निबंध इंग्रजीत होता, तरी ती शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत होती. सरांनी सभेला मराठीत सांगितलं, की हा मुद्दा मुळात या बाईंचा. टाळ्या पडल्या. आत्यानं पदर सारखा केला.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "यंदा तुजं लगीन उरकावं म्हनत हुतो. ऱ्हाऊ दे. बी.ए. हू दे."

मी आत्याला मिठीच मारली.

"सोड गं," ती म्हणाली. "त्या दोन बायकांनी लिवल्यालं सांग आदी."

मोटारीला तासभर अवकाश होता. आम्ही पायरीवर बसलो आणि मी सुरुवात केली.