धडधाकट सील

भिंगरीचं खरं नाव आता गॅरेजच्या पाटीवरही वाचता येत नाही, रंग उडून जमाना झाला. पण लोकांनी ठेवलेलं नाव अगदी बरोबर. माणूस जेवायचा उभ्यानं, पेपर वाचायचा फेऱ्या मारत, आणि लग्नाच्या फोटोंत सगळे नीट आलेत, नवरदेव तेवढा हललाय. बायको म्हणायची, "यांना बसवायचं तर खिळे ठोकावे लागतील." बरं, बसत नाही तर नाही, निदान दोन शब्द बोलावेत? छे! बोलायला माणसासमोर थांबावं लागतं, आणि ते याला कुठलं जमायला! मोटरसायकल समोर असली आणि हातात पाना असला, की मात्र गडी जागच्या जागी. मग वरून विमान पडलं तरी मान वर करायचा नाही.

कामात मात्र एकदम सरळ. धडधाकट भाग काढून नवा गिऱ्हाइकाच्या माथी मारणारे मेकॅनिक त्याला नजरेसमोर नको असत. "चोर आहेत, चोर!" म्हणत त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. एखादं गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, की असू दे, बदलून टाका, तर त्याच्यावरच उखडायचा. "का? चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुम्हाला?"

अशा माणसाची एकुलती एक लेक. शाळेतून आली की दप्तर टाकून गॅरेजात. टायर उतरवायला त्यानंच शिकवलं, बेअरिंगमध्ये बोट घालून खरखर ओळखायलाही त्यानंच. पुढं ती रस्त्यांची मोजणी शिकली आणि लांबच्या गावी नोकरी लागली. झालं! ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी याचं डोकं फिरलं. "गेलीस तर पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," म्हणाला. आता बोलायचं काय होतं? पोरी, जाऊ नकोस, तुझ्याशिवाय मला करमायचं नाही, एवढंच. तेवढं सोडून बाकी सगळं बोलला. ती कोपऱ्यावर वळायच्या आत त्याला पश्चात्ताप झाला. पण एरवी वाऱ्यावर असणारे पाय नेमके तेव्हाच जमिनीला चिकटले.

लेकही शेवटी बापाचीच. शब्द धरून बसली. दोन वर्षं झाली, आली नाही. आईला रोज फोन करायची, आणि फोन आला की याला नेमका त्याच खोलीतला बल्ब घट्ट करायचा असायचा. स्टूल ओढायचा, वर चढायचा आणि कान टवकारून बल्ब पिरगाळत राहायचा. बायको मुद्दाम मोठ्यानं बोलायची. "हो का? ताप उतरला का?" म्हणजे याला कळावं. हा खाली उतरून म्हणायचा, "ढिला झाला होता," आणि दिवसभर गॅरेजात त्या तापाच्याच काळजीत गरगरत राहायचा.

मग एका सकाळी शेजारच्या दुकानातून शिंपीण ओरडली, "अहो भिंगरीभाऊ, वळून तरी बघा, कोण आलंय!"

दारात मोटरसायकल, आणि मोटरसायकलवर लेक. मागं नवा टायर बांधलेला. तिची बदली आणखी लांब झाली होती. वाटेत आईला भेटायला घरी डोकावली, हा तेव्हा गॅरेजात आलेला. आईनं मागचा टायर पाहिला, घासून पार गुळगुळीत. नवा घेऊन पाठीमागं बांधलेला, पण बसवायला वेळ मिळाला नव्हता. "हा तुझ्या बाबांकडून बदलून घे, नाहीतर मी तुला जाऊ देणार नाही," असं तिनं निक्षून सांगितलं होतं.

"टायर बदलायचाय," लेक म्हणाली. गिऱ्हाईक म्हणतं तसं. "लगेच निघायचंय. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"बस ना."

"उभी आहे ती बरी आहे."

त्यानं गाडी स्टँडवर घेतली. नट सैल केला, साखळी उतरवली, चाक बाहेर काढलं. एवढ्या वेळात काहीतरी बोलायचं होतं. चाक परत बसलं की ही निघाली, आणि मग पुन्हा कधी येईल कोण जाणे! आयुष्यात पहिल्यांदा त्याला काम हळू करायचं होतं, आणि हात ऐकतील तर शपथ. पट्टीनं टायरची कड उचलली, जुना टायर बाहेर. साबणाचं पाणी लावलं, नवा आत. मेले हात! इतकी वर्षं पळवले, आता थांबा म्हटलं तर थांबतायत कशाला.

"रस्ते कसे आहेत तिकडचे?" त्यानं हवा भरता भरता विचारलं.

"ठीक आहेत."

"जेवणाचं काय करतेस?"

"जेवते."

"हां. जेवावं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर वैतागून त्यानं पंप बाजूला ढकलला. शिंपिणीनं मशीनवरून मान वर केली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा खाली घातली.

आता फक्त चाक चढवायचं राहिलं. सवयीनं त्यानं मधल्या भोकापाशी फडकं फिरवलं. तिथं बेअरिंगच्या तोंडावर रबराची कडी असते, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. तिलाच सील म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक. सील मऊ होतं, कड शाबूत होती, ग्रीस स्वच्छ. अजून वर्षभर तरी त्याला काही होणार नव्हतं. पण सीलची एक गोष्ट अशी, की एकदा उचकटून काढलं की फाटतंच, परत बसवता येत नाही. हिच्या गाडीच्या मापाचं गॅरेजात नव्हतं. आणि आज बाजार बंद.

त्यानं स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि दाबला. सील उचकटून फरशीवर पडलं.

"सील गेलं होतं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "असं चाक लावलं तर धूळ बेअरिंग खाईल. नवं आणावं लागेल."

"मग आणा."

"आज बाजार बंद असतो ना," शिंपीण तिकडून म्हणाली. बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

लेकीनं वाकून सील उचललं. फाटलेली कड सोडून बाकीच्या गोलावरून अंगठा फिरवला, दाबून पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. खिशातून फोन काढला आणि बाहेर रस्त्यावर गेली.

भिंगरी गॅरेजात येरझाऱ्या घालू लागला. फळीपासून दारापर्यंत, दारापासून फळीपर्यंत. पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आता ही टेम्पो बोलावणार, गाडी घालून दुसरीकडं नेणार, आणि आपण तर पुरते चोर झालो! तेही पोटच्या पोरीच्या चाकात. शेवटी पाना टाकून तो तिच्यामागं बाहेर आला. तिनं दुसऱ्यांदा फोन लावून कानाला धरलेला, पलीकडून अजून कुणी उचलला नव्हता.

"ते सील चांगलं होतं," तो म्हणाला.

"दिसलं मला."

"मी मुद्दाम उपटलं."

"तेही दिसलं."

"थांब म्हणायचं होतं गं. तेव्हाही तेच म्हणायचं होतं, आणि तोंडातून भलतंच गेलं. चुकलं माझं. रोज वाटतं, चुकलं. तुला जायचंय ना, जा. फक्त आजचा दिवस..."

तिनं हात वर करून त्याला गप्प केलं. पलीकडून फोन उचलला होता.

"साहेब, मी आज नाही पोचत. परवा हजर होते. गाडीचं काम निघालंय. नाही नाही, मोठं नाही. मागच्या चाकाची सीलं. हो, दोन्ही गेलीत."

"दोन्ही कुठं?" भिंगरी पुटपुटला. "दुसऱ्या बाजूचं ठणठणीत आहे."

लेकीनं फोन खिशात टाकला. आत जाऊन चाकापाशी उकिडवी बसली, चाक उलटं केलं आणि मान वर न करताच हात मागं पसरला.

"स्क्रूड्रायव्हर द्या, बाबा."