कुमुदला काही वाटतच नाही

टेलिफोन ऑफिसच्या ट्रंक बोर्डावरच्या आम्ही चौघी रिटायर झालो तरी वर्षातून एकदा जळगावात भेटतो. चहा यायच्या आत माझे किस्से निघतात. एकीने एक काढला की दुसरीला दोन आठवतात. असे किस्से माळ्यावरच्या डब्यांसारखे असतात, वाढतच जातात आणि टाकवत नाहीत. मीही हसते, जरा उशिरा.

मध्यंतरी, माझ्या वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझं लहानपण खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "कुमुदताई, तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासून." मी विचारलं, "म्हणजे मी दगड नव्हते?" त्या म्हणाल्या, "कधीच नव्हतात." घरी येऊन खूप रडले. मग ठरवलं, आता हे किस्से माझे मीच सांगायचे.

•

तेव्हा दिल्लीला केळीचा भाव विचारायचा तरी ट्रंक कॉल बुक करावा लागे. मला बोर्ड फार आवडायचा. एका वेळी एकच माणूस बोलणार आणि त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही! लोकांचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम. मी ऐकत नसे. बाकीच्या ऐकत. एका डॉक्टरच्या मुलीचं लग्न मोडलं, ते तिच्या घरच्यांच्या आधी आमच्या बोर्डाला कळलं!

शेवटी तक्रार झाली. मोठ्या साहेबांनी चौघींना उभं केलं. "खरं सांगा, कोण ऐकतं?"

तिघी जमिनीकडे बघायला लागल्या. मी सुरू केलं, "मंगलताई सोमवारी सव्वाअकराला आणि दुपारी तीनला. शैला मंगळवारी दोनदा, बुधवारी..."

साहेबच घाबरले. "पुरे, पुरे!"

पुढे दोन महिने माझ्यासोबत कुणी डबा उघडला नाही. आधी मला वाटलं, यांना भूक नसेल. तिसऱ्या आठवड्यात खरं काय ते कळलं, तेव्हापासून मी बोर्डाकडे तोंड करून जेवायला लागले.

•

मी पर्मनंट झाले तेव्हा तिघींनी वर्गणी काढून मला नायलॉनची साडी घेतली. मी बोट लावून पाहिलं आणि म्हटलं, "टोचते. नको." खरंच टोचत होती! शैलाने ती साडी पुढे सात वर्षं नेसली. दर वेळी माझ्यासमोर पदर झटकायची.

•

मंगलताईंची सासू वारली. आम्ही दारावर, म्हणजे सांत्वनाला, जायला रिक्षा केली. शैला धुळ्याची, रिक्षात म्हणाली, "मंगल सुटनी एकदानी!" सगळ्या हसल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि शैला आणि आमची चौथी, दोघींनी पदर तोंडावर ओढून एकदम हंबरडा फोडला. आमच्याकडची रीतच तशी, दारावर जाणाऱ्या बाईने लांबूनच रडत जायचं. मला ती कधी जमली नाही. आवाजाने मी दोन्ही कान झाकले आणि शैलाला विचारलं, "अगं, मंगल सुटली म्हणत होतीस ना? मग आता काय झालं?"

ओटा भरून बायका. सगळ्यांनी ऐकलं!

मंगलताई पदराआड हसत होत्या की रडत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

•

माझं लग्न धुळ्यात झालं. लांब रजा काढून गेले. अकरा माणसं, दोन खोल्या, सकाळपासून रेडिओ. सहन झालं नाही की मी धान्याच्या खोलीत कणगीमागे जाऊन बसायची. मला बाहेरची बाधा झालीय म्हणून सासूने भगत बोलावला. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि ओरडला, "कोण शेस तू? सांग!"

मी सांगितलं, "कुमुदिनी सुधाकर चौधरी, टेलिफोन ऑपरेटर, जळगाव. रजा अठ्ठावीस तारखेपर्यंत."

"भलती हट्टी शे हाई!" म्हणून त्याने कडुलिंबाची डहाळी उचलली. पाठीवरचे वळ पंधरा दिवस होते. मी रडले नाही, म्हणून बाधा जास्तच पक्की ठरली!

आठ महिन्यांनी सासरच्यांनी मला माहेरी, यावलला, आणून सोडलं. सासरे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "पोरीला काही वाटतच नाही हो." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "दगड जन्माले घातला मी."

त्यानंतर आई माझ्याशी बोलेनाशी झाली. मी जळगावला खोली घेतली, पण सुट्टीला यावलला जायची. ताटावर समोरासमोर बसलो तरी ती नानांना सांगायची, "तिले म्हना, भाकर घे." नाना म्हणायचे, "कुमुद, भाकर घे." अशी दोन वर्षं! नुसतं एकदा माझं नाव घे, एवढंच मला हवं होतं. मागायचं कसं ते कळत नव्हतं.

•

नाना गेल्याचा कॉल सकाळी आमच्याच बोर्डावर आला. मंगलताईंनी तो घेतला. त्या आणि शैला माझ्याबरोबर एसटीने यावलला आल्या. गल्लीच्या तोंडाशी दोघींनी सूर लावला. मी तशीच आत गेले.

नानांना ओसरीत ठेवलं होतं. भोवती बायकांचा वेढा. मी त्यांच्या हाताशी बसले. लकवा झाल्यापासून त्यांची नखं दर सुट्टीला मीच काढायची. गेल्या दोन सुट्ट्या रद्द झाल्या होत्या आणि नखं वाढली होती. मी पर्समधून नेलकटर काढलं आणि सुरुवात केली.

रडणं थांबलं. नेलकटरचा आवाज तेवढा येत होता.

"मयताले लोखंड लावते!" कुणीतरी म्हणालं. "डोयात टिपूस तरी आहे का हिच्या!"

आत्याने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "डाव्या हाताची राहिलीत."

आई भिंतीशी बसली होती. ती उठली, बायकांना सारत आली, आत्याचा हात तिने सोडवला आणि माझ्या शेजारी टेकली.

"कुमुद, अंगठ्याचं जपून काढजो," ती म्हणाली. "दुखते त्यायले."