वीज वाचवणारं घर

निवृत्त झाल्यावर बाबाजी साळवींना काहीतरी काम हवं होतं. बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या सोसायटीने वीज वाचवायची मोहीम काढली, तेव्हा ती त्यांनी आपणहून अंगावर घेतली. संध्याकाळी ते दारोदार जायचे. कुणी नाही म्हणायचं नाही आणि कुणी ऐकायचंही नाही.

"एसी बंद करू? या गरमीत?" शेजारची पिंकी दारातूनच हसायची. "अंकल, पहले आप लिफ्ट छोडो ना!"

बाबाजींनी लिफ्ट सोडली. गुडघे धरून ते जिने चढायचे. त्यांच्या शेजारून लोक लिफ्टने वर जायचे.

साऱ्या सोसायटीत त्यांचं ऐकलं ते एकट्या सुलूने, त्यांच्या बायकोने. तिला इलाजच नव्हता. घरात एका वेळी एकच पंखा, असा बाबाजींचा नियम. ते हॉलमध्ये बसायचे, म्हणून पंखा हॉलमध्ये. सुलू भाजी निवडायला तिथे यायची, पण पोळ्या घामाने निथळतच लाटायची. दुपारी ती हॉलमध्येच लवंडली आणि तिचा डोळा लागला, की बाबाजी हळूच पंखा एकवर आणायचे.

उन्हाळ्यात ती खारीला मुलीकडे, संचिताकडे गेली. चार दिवस म्हणून गेली, ती परतलीच नाही.

बाबाजी घरात एकटे. बिल आणखी उतरलं. सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरी जितेंद्र माइकवर म्हणाला, "सर्वांत कमी वीज वापरणारं घर, साळवी! काका, जोडीने या हां!" बाबाजी एकटेच उठले. शाल त्यांच्या खांद्यावर आली आणि सुलूची ओटीही त्यांच्याच हातात.

दुसऱ्या दिवशी ते खारीला गेले. सुलू पंख्याखाली गाढ झोपली होती.

"बाबा, उठवू नका हां," संचिता म्हणाली.

सुलू उठल्यावर त्यांनी खण-नारळ तिच्यापुढे ठेवला. "चल आता घरी. हवे तेवढे पंखे लाव. मी काही बोलणार नाही."

"बोलणार नाही हो तुम्ही. पण मी बटणाला हात लावला की बघाल. त्या बघण्यानेच जीव नकोसा झालाय मला."

आतल्या खोलीत कुणी नव्हतं आणि पंखा जोरात फिरत होता. बाबाजींची नजर तिकडे गेली, जराशी रेंगाळली.

सुलूने ते पाहिलं.

"उन्हं उतरलीत," ती म्हणाली. "निघा तुम्ही."