चार भिंतींची शाळा

बदलीच्या गावी राहायला जाण्याआधी मी लेकीला घेऊन तिथली सरकारी शाळा बघायला गेले. हातात प्रश्नांची लांबलचक यादी होती. शाळा म्हणजे एकच खोली. चार भिंतींना चार फळे आणि प्रत्येक फळ्यासमोर एक इयत्ता. बाई एकट्याच, भिंतीभिंतीशी फिरत शिकवत होत्या.

त्यांनी चौथीला विचारलं, "पाऊण तास म्हणजे किती मिनिटं?"

चौथी बोटांवर मोजू लागली. पाठमोरी बसून 'क' गिरवणारी पहिलीतली मुलगी मान न वळवता म्हणाली, "पंचेचाळीस!"

बाई हसल्या. "अहो, इथं पहिलीतलं पोर चौथी ऐकतच वाढतं."

एवढ्याशा खोलीत केवढी शाळा मावली होती! मी यादीची घडी घातली. लेक केव्हाच माझं बोट सोडून पहिलीच्या भिंतीपाशी जाऊन बसली होती. डोळे 'क'वर, कान चौथीत.