खोक्यांवरची जाड रेघ: पेण ते रोहा

पेणला जायचं ठरलं ते सुषमाच्या एका वाक्यावर. "तुझी अक्षरं खोक्यांवर छापलीत, येऊन बघ तरी." सुषमा माझी कॉलेजची मैत्रीण, पेणला वडिलांचा गणपतीचा कारखाना चालवते. अक्षरं म्हणजे 'पाया', मी दोन वर्षं खपून काढलेला मराठी टाइप, म्हणजे फॉन्ट. चौकोन आणि वर्तुळ एवढ्यावरच बेतलेला, ठसठशीत, मथळ्यांसाठी, पाट्यांसाठी. त्यात डोक्यावरची रेघ काढून मी ती जाड करून अक्षरांच्या खाली घातली होती. अक्षरं उभी राहिल्यासारखी दिसायची, मला ते फार आवडायचं. त्याचा एक नमुना फ्रेम करून टेबलावर ठेवलाय. आई धूळ पुसते तेव्हा दर वेळी तो उलटा ठेवते. मी गुपचूप सरळ करते.

ठाण्याहून पनवेल आणि तिथून एसटी. पेणला जायला रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा. पेणच्या अलीकडे रस्त्याचं काम चालूच असतं, तोंडाला रुमाल हवा.

पौषातल्या उन्हात कारखाना गजबजला होता, माघी गणपती जवळ आलेले. आत बायका मूर्तींची आखणी करत होत्या, म्हणजे डोळे रेखणं; त्या वेळी कुणी बोलत नाही. अंगणात खोकी. प्रत्येकावर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगात उमटवलेलं 'पेण' आणि खाली माझी जाड रेघ. लांबून, फाटकातूनच दिसलं. खोटं कशाला बोलू, फाटकातच थांबून मी ते दोनदा वाचलं.

कारखान्यातला हमाल पांडूदादा टेम्पो भरत होता. त्याने खोकं उचललं, फिरवलं आणि रेघ वर करून ठेवलं. दुसरं तसंच. तिसरंही.

"दादा, उलटं होतंय," मी म्हणाले.

"नाय ओ ताई. रेघ वर हाय ना? मग सरळच."

"पण अक्षरं?"

"अक्षरं कोण वाचत बसतंय? रेघ बघायची नि लावायचं. आजवर ब्रशने नाव लिवायचे, रेघ वरच असायची."

सुषमा चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. पूर्वी वर-खाली दाखवायला खोक्यांवर बाण कधी काढावाच लागला नव्हता. नावावरची रेघ म्हणजेच वरची बाजू, हे हमालांच्या हाताला ठाऊक होतं.

"कालचा रोह्याचा टेम्पो कुणी भरला?" तिने विचारलं.

"मीच की."

रोह्याच्या दुकानात फोन लागेना. शाडूची मूर्ती डोक्यावर उभी राहून त्या रस्त्याने गेली, तर काय उरणार? माघी गणपतीच्या आत नव्या करून, वाळवून, रंगवून होणार नव्हत्या. सुषमाने कप खाली ठेवला आणि पांडूदादाला टेम्पो थांबवून ठेवायला सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही मिळेल ती एसटी पकडली. तिकीट शंभराच्या आतलंच. नागोठण्यापर्यंत दोन्ही बाजूंना वालाची शेतं, हिरवीगार. एरवी मी फोटो काढले असते. प्रत्येक खड्ड्याला सुषमा डोळे मिटत होती. चूक माझी की साच्याची, की नुसत्या नव्या हौसेची, याचा हिशोब मी मनात मांडत होते आणि तो दर वेळी माझ्याकडेच येत होता.

रोह्यात कुंडलिकेच्या पुलाजवळ पूजासाहित्याचं दुकान. मालकीणकाकू गिऱ्हाइकाला वाती मोजून देत होत्या.

"फोन चार्जिंगला हाय गो," त्या सुषमाला म्हणाल्या. "एवढी धावत का आलीस? पैसे बुडवून पळते का मी?"

मागच्या खोलीत खोकी ओळीने, सगळी रेघ वर. सुषमाने पहिलं उघडलं. पेंढा गच्च, एवढा की हात आत शिरेना. मूर्ती पाटाला कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली, सुषमाचे वडील बांधायचे तशीच. सोंड शाबूत. हात शाबूत. दुसरं, तिसरं, सगळी उघडली. एका उंदराची शेपटी तेवढी तुटली होती.

"बाप्पा शीर्षासन करत आले म्हणा की," काकू म्हणाल्या. आम्ही दोघी पेंढ्यातच बसून हसलो, सुषमाच्या डोळ्यांत पाणी.

"मनाला लावून घेऊ नकोस," तिने शेपटी रुमालात गुंडाळत मला सांगितलं. "अक्षरं दिसतात छान. पण रेघ वर ने."

मग काकूंनी जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. रोह्याला गेलात तर थंडीतच जा; मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी तेव्हाच मिळते. मी स्टेशनजवळ खाल्ली आणि दिव्याच्या गाडीत खिडकीशी बसून बोटं चाटत आले. सुषमाने पेणला उतरायच्या आधीच फोन करून टेम्पोतली उलटी खोकी सरळ करायला सांगितली होती.

घरी आले तर फ्रेम उलटीच. या वेळी मी सरळ केली नाही.

"आई, ही अशी का ठेवतेस गं?"

"अशी म्हणजे कशी?" आई फडकं झटकत म्हणाली. "रेघ वर नको का?"

मी टेबलाशी बसले आणि 'प'च्या डोक्यावर रेघ ओढली. टाइपला आता दुसरं नाव शोधायला हवं.