भरला पाय, वाढला पाय

माझ्या सासूबाई दगडी उंबऱ्यावर ठेचकाळून पडल्या. हाड मोडलं नाही, मेहकरच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. पण चालायची हिंमत मोडली. त्या काळी आमच्या गावात बायका उजाडायच्या आत लोटा घेऊन गोदरीला, म्हणजे गावाबाहेर परसाकडे जायच्या. पडल्यापासून सासूबाईंना तिथवर माझा हात लागायचा. घरादारावर हुकूम चालवणाऱ्या बाईला सुनेच्या हाताने बसावं-उठावं लागणं किती झोंबत होतं, ते त्यांच्या बोटांच्या पकडीतून मला कळायचं. मग त्या संध्याकाळच्या जेवेनाशा झाल्या. पोटात काही गेलं नाही तर सकाळी जावं लागणार नाही, असा त्यांचा सरळ विचार. घरात सगळ्यांना वाटलं, तोंडाची चव गेली. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते सांगण्याजोगं नव्हतं.

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, पाहायला आले. महायुद्धात ते इंग्रजांच्या फौजेतून मलायात गेले होते. तिथे छावणीशेजारी म्हातारे चिनी लोक रोज सकाळी अंगणात उभे राहून, कमरेइतक्या पाण्यात चालावं तसे, सावकाश हातपाय हलवायचे. मामांनी ते गंमत म्हणून शिकून घेतलं होतं. बहिणीला म्हणाले, "बाई, तुले पडाचं भेव वाटते ना? मंग मी सांगतो तशी चाल."

गुडघे जरा वाकवायचे. अंगाचं सगळं वजन एका पायावर न्यायचं, तो भरला पाय. मग दुसरा अलगद उचलायचा, तो रिकामा. रिकामा टेकला की त्यात वजन ओतायचं. घाई अजिबात नाही. एक पाऊल पडायला इतका वेळ लागे की चुलीवरच्या दुधाच्या काळजीने माझीच चुळबूळ व्हायची.

सासूबाई बिथरल्या त्या 'रिकामा' शब्दावर. आमच्याकडे मीठ संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. "रिकाम्या पायानं फिरू? अवदसा आनतं काय घरात?" असं भावाला सुनावून त्यांनी शब्दच बदलला. रोज अंगणात भिंतीला हात टेकून पुटपुटायच्या, "हा भरला, हा वाढला." शेजारणीने ते ऐकलं. पाय वाढला म्हणजे सुजला, असं धरून ती वाटीभर हळदीचा लेप घेऊन आली. सासूबाईंनी तो निमूट लावून घेतला, कारण खरं सांगितलं असतं तर गावभर हसं झालं असतं. पिवळ्याधमक पायाने त्यांची कसरत चालू राहिली. पहाटेची त्यांची पकड सैल होत गेली, आणि भाकरीही पोटात जाऊ लागली.

तेवढ्यात चीनशी लढाई सुरू झाली. संध्याकाळी सगळं गाव रेडिओपुढे बसू लागलं. बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले. सासूबाईंनी बोटातली अंगठी दिली आणि कसरत बंद केली. "त्या मेल्यायचं मले काई नको." मी समजावून पाहिलं, पण त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार! लढाई तिकडे सरहद्दीवर आणि भोगायचं मी इकडे, थंडीत, भल्या पहाटे. मला रागच आला. त्यांची पकड पुन्हा घट्ट झाली आणि ताट पुन्हा तसंच परत येऊ लागलं.

मामा पुन्हा आले तेव्हा बहीण त्यांच्याशी धड बोलेना. शेवटी म्हणाल्या, "काऊन रे, दुश्मनाची कसरत शिकोली मले?"

मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "'वाढला' म्हनायले तुले चिन्यायनं शिकोलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "चहा पे, थंडा होऊन राह्यला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीपाशी उभ्या होत्या.

लढाई थांबली, तुरी पिकून सोंगायला आल्या. एका पहाटे मला जाग आली तर सासूबाई अंथरुणात नव्हत्या आणि लोटाही जागेवर नव्हता. मी तशीच धावत सुटले. गावाबाहेरच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, त्या परत येत होत्या. एकट्या, सावकाश, एकेक पाय नीट भरत. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच सासूवर ओरडले, "आत्याबाई, मले उठवाचं नव्हतं का? पडल्या असत्या म्हंजे?"

"पडली असती त उठली असती," त्या म्हणाल्या.

मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी त्या हातात लोटा दिला आणि माझ्यापुढे चालू लागल्या. मला इतका आनंद झाला की आपण अनवाणी आलोय, हे घरी पोचल्यावरच कळलं.